मालविकाने मला कामावरून काढले, त्याची हकिकत

समा, बडोदे
डिसेंबरचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप लताताईस,

तुझ्या धाकट्या आणि सध्या पूर्णवेळ रिकाम्या भावाचा, वामनचा, वाकून नमस्कार. गोविंदरावांनाही सांग. त्यांची साखर आटोक्यात असेल आणि तुझे गुडघे तुला जिना चढू देत असतील, असं धरून चालतो. (नसतील तर कळव, मंदा मेथीचे लाडू पाठवेल. तिला कुणाला तरी काहीतरी पाठवायला निमित्तच हवं असतं.) इथे थंडी बरी पडली आहे, घरोघर उंधियू शिजायला लागलाय आणि सोसायटीतले लोक स्वेटर घालून एकमेकांना 'ठंडी बहु छे' असं सांगत फिरतायत. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी सुरुवात केली होती, पण दर वेळी बोलणं तुझ्या नव्या शेगडीवर गेलं. शिवाय आमच्या एवढ्याशा घरात हळू बोललेलंही मालविकाला ऐकू जातं, आणि गोष्ट तिचीच आहे. तेव्हा सावकाश वाच, आणि रडू नकोस, कारण बरंचसं हसण्यासारखं आहे.

तुला ठाऊकच आहे, मार्चमध्ये कारखान्याने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझ्या वाट्याला आली. आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलं, पण हे मला कुणी सांगितलंही नाही. सकाळी नेहमीसारखा गेटवर गेलो, कार्ड लावलं, दार उघडेना. पुसून लावलं, उलटं लावलं. शेवटी गेटवरचा लक्ष्मण खुर्चीवरून उठला (तो माझ्यासाठी कधी उठत नसे, तिथेच मला शंका यायला हवी होती) आणि म्हणाला, "साहेब, तमारुं कार्ड बंध करी दीधुं छे." माझा स्वेटर, चष्म्याचं घर आणि टेबलावरचा गणपती नंतर कुरियरने घरी आले. आपल्या घराण्यात संस्थानच्या कचेरीपासून आजवर कुणाला नोकरीवरून काढलेलं नाही, तो मान मी मिळवला. पुढचे महिने कसे गेले ते विचारू नकोस. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी तयार व्हायचो, आणि मग बूट घालायचे की नाहीत हे ठरवत पलंगावर बसून राहायचो.

अशात मालविकाच्या एमबीएत एक खेळ निघाला. (खेळ म्हटलेलं तिला आवडत नाही. तो अभ्यास आहे.) चार-चार मुलांचा गट करायचा, प्रत्येक गटाला संगणकावर एक खोटी कंपनी मिळते, आणि माल किती बनवायचा, भाव काय लावायचा, जाहिरात किती, माणसं किती, हे दर आठवड्याला ठरवून भरायचं. मग संगणक सांगतो, तरलात की बुडालात. यातून मुलांना चारचौघांत निर्णय घ्यायचं, आणि कठीण गोष्ट तोंडावर बोलायचं वळण लागतं म्हणे. आमच्या मुलांना मिळाली मिक्सरची कंपनी. मालविका प्रमुख, हिशेबाला अभिषेक, उत्पादनाला श्रद्धा, आणि विक्रीला केयूर, ज्याच्या वडिलांचं निजामपुऱ्यात भांड्यांचं दुकान आहे आणि जो पाळण्यातसुद्धा गिऱ्हाईकच पटवत असणार. प्रत्येक गटाला बाहेरचा एक अनुभवी सल्लागार ठेवायची मुभा होती, त्याचं मानधनही खोट्या खर्चात धरायचं होतं. मालविका म्हणाली, बाबा, तुम्ही व्हाल का? ताई, मी तिला म्हटलं, बघतो, वेळ काढता आला तर.

मग दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर सभा. मी शुक्रवारी दाढी करून ठेवायचो आणि शनिवारी पुन्हा करायचो. मंदा शेव-उसळ करी, केयूर मागून मागून पाव खाई, आणि मुलं मला 'सर' म्हणत. (तसं म्हणायला मालविकाने त्यांना बजावलं होतं, हे मला फार नंतर कळलं.) संगणकातले कामगार म्हणजे नुसते आकडे. पण मी आपला विचारायचो, यांना चहाची सुटी आहे ना? उन्हाळ्यात पंखे? श्रद्धा फार नम्र मुलगी आहे. ती म्हणायची, सर, पंख्यांचा रकाना नाहीये. तरी मी दर शनिवारी विचारत असे. मला कुणीतरी विचारतंय आणि मी कुणाला तरी विचारतोय, यातच माझा आठवडा निघायचा.

दिवाळीआधी आम्ही मिक्सरचा डोंगर बनवला आणि तो झाडून विकला गेला. त्या खोट्या नफ्यावर मी मंदाला खरी साडी घ्यायला निघालो होतो, तिनेच अडवलं. पुढचे आकडे भरायची मुदत नेमकी भाऊबीज आणि लाभपाचमेच्या मध्ये आली. केयूर म्हणाला, लाभपाचमेआधी धंद्याला हात लावायचा नाही, पप्पा दुकानाचं कुलूपसुद्धा काढत नाहीत. अभिषेक म्हणाला, अरे, ही संगणकातली कंपनी आहे. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता तू इथेच वाढलीस, तूच सांग, पाडवा झाल्यापासून पाचमेपर्यंत बडोद्यात कुठल्या दुकानदाराने तराजू हलवलेला आपण पाहिलाय? मी खुर्चीत मागे टेकलो, फार विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला, की पाचमेला मुहूर्तावर भरू. पाचमेला लॅपटॉपला कुंकू लावलं, पेढे वाटले, आणि उघडून बघतो तो मुदत संपलेली. तो संगणक चालवणारे कुठल्या गावचे कोण जाणे, त्यांना लाभपाचम माहीतच नाही. काही भरलं नाही तर मागचेच आकडे परत धरायचे, असा त्यांचा नियम. म्हणजे दिवाळीला बनवले तेवढेच मिक्सर दिवाळी सरल्यावर पुन्हा. आजन्म स्टोअर्समध्ये घालवलेल्या माणसाच्या कंपनीचं गोदाम छतापर्यंत भरलं. मुलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. केयूर तर उलट माझीच समजूत घालत होता, "सर, कशो वांधो नथी, लगनसरामां वेचाई जशे." लग्नसराईत माल विकला जाईलही, पण तोवर कंपनीच तगेल अशी लक्षणं नव्हती.

खर्च कापायचं ठरलं. कामगार कमी करायला मी कडाडून विरोध केला. टेबलावर हात आपटला, उसळीचा वाडगा उडाला, अभिषेकच्या शर्टाचं नुकसान झालं. मुलांनी माझं मानलं. मग माणसं ठेवायची तर दुसरं काय कापायचं म्हणून अभिषेक एकेक रकाना बघत खाली आला, एका ठिकाणी थांबला, आणि कानापर्यंत लाल झाला. सल्लागाराचं मानधन. मी हसून म्हटलं, कापा की, त्यात काय एवढं. पण त्यांच्या प्राध्यापकांचा दंडक आहे, की माणूस काढायचा तर प्रमुखाने त्याला समोर बसवून सांगायचं, आणि कसं सांगितलं ते वर्गात मांडायचं. आणि आमच्या कंपनीत समोर बसवता येईल असा माणूस मी एकटाच होतो.

मालविकाने बाकीच्यांना गॅलरीत पाठवलं, मंदाला स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला सांगितलं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, स्वतःचा फोन उलटा करून दूर सारला आणि खुर्ची ओढून बसली. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. पहिल्याच वाक्यात म्हणाली, "बाबा, आजपासून कंपनी तुम्हाला ठेवू शकत नाही." आडवळण नाही, बाजार कसा मंद आहे याचं पुराण नाही. मग मी काय काय केलं ते तिने सांगितलं, पंख्यांसकट. पाचमेचा निर्णय तुमचा एकट्याचा नव्हता, आम्ही सगळे हो म्हणालो होतो, हेही सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय? आणि गप्प बसली, खरोखर वाट बघत. मी 'शुभेच्छा' म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, की मी कार्ड पुसलं होतं गं, नीट पुसलं होतं. मग थांबताच येईना. माझ्यामागे खोळंबलेली रांग, वैतागून कुणीतरी वाजवलेला हॉर्न, माझ्याकडे बघायचं टाळणारा लक्ष्मण, आणि इतकी वर्षं रोज 'गुड मॉर्निंग' करणाऱ्यांपैकी एकालाही खाली येऊन दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत ते. मंदालाही हे मी सांगितलं नव्हतं. खोट्या कंपनीतून निघताना मी खरा रडलो, ताई. गॅलरीत केयूरने तोंड फिरवलं. मालविका उठली नाही, 'रडू नका' म्हणाली नाही, माझं संपेपर्यंत बसून राहिली. मार्चमध्ये मला एवढंच हवं होतं.

आमची कंपनी शेवटून दुसरी आली. मालविकाला मात्र त्या एका संभाषणासाठी वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. एका वर्षात दोनदा बेकार झालेला माणूस अख्ख्या समामध्ये मी एकटाच असेन. शनिवारी सकाळी अजून हात दाढीच्या ब्रशकडे जातो. बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जपा, दोघंही.

तुझा,
वामन

ता. क. विशेष आहे. करजणजवळच्या एका कारखान्याने मालविकाला नोकरी देऊ केली आहे, प्राध्यापकांनीच तिचं नाव सुचवलं. त्यांचा एक विभाग उन्हाळ्यात बंद व्हायचा आहे. तिथल्या माणसांना एकेक करून बोलावून सांगायचं, हे तिचं पहिलं काम. ती नाही म्हणतेय. "तुमच्यासारख्यांना मी नाही काढणार, बाबा," म्हणते, आणि पुढे बोलूच देत नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तिला फोन कर आणि हो म्हणायला सांग. ती गेली नाही म्हणून तो विभाग काही वाचणार नाही. पण ती गेली तर त्या माणसांना निदान गेटवर कळणार नाही. मी लिहिलं होतं हे तिला सांगू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मंदाने पत्र वाचलं. ती म्हणते, फोन करू नकोस. म्हणते, पोर रोज एकेकाला रडताना बघून घरी येणार, मग तिने कुणापुढे बसून रडायचं? मी म्हटलं, माझ्यापुढे. मी घरीच असतो.