तनूला बाहेर काढलं

प्रिय किशोरदादा,

तू जहाजावर काळजी करत बसशील, म्हणून फोनवर बोलले नाही. गेल्या महिन्यात रग्बीच्या फायनलमध्ये तुझ्या तनूचं डोकं समोरच्या पोरीच्या गुडघ्यावर आपटलं. ती लगेच उठली, हसलीसुद्धा. मी कोच, म्हणून विचारलं, "आपण कुणाशी खेळतोय?" तिनं आदल्या मॅचमधल्या टीमचं नाव सांगितलं.

मी तिला बाहेर काढलं.

"आत्या, मला कायबी झालं न्हाई!" म्हणत ती रडली. आपल्या कासार आंबोली गावचीच माणसं माझ्यावर ओरडली. आपण हरलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय, लगेच दुसरा मार बसला असता तर जिवावर बेतलं असतं. तनू कितीतरी दिवस माझ्याशी बोललीच नाही.

आता ती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय. आज सरावात एक मुलगी धडकून पडली आणि "काय न्हाई" म्हणत उठली. मी शिट्टी वाजवायच्या आत तनूनं तिला हाताला धरून बाहेर आणलं.

"बस हितं. आत्या इचारंल त्याचं नीट उत्तर दे."

तुला सगळं तीच सांगणार म्हणते, म्हणून तिचं सांगून होईपर्यंत हे पत्र माझ्याकडेच ठेवते. ऐकून तिचा खेळ मात्र बंद करू नकोस. आज मला लई बरं वाटतंय.

तुझी,
जया