अकरा सभासदांचे उद्यान

१ जुलै, सकाळी ६.१०
साक्री रोडच्या टोकाची ओसाड जागा उद्यान विभागाने मला एका अटीवर दिली. ३१ तारखेच्या पाहणीला अकरा सभासद हजर हवेत, नाहीतर तिथे पार्किंग होणार. अकरा म्हणजे किरकोळ. यादीत पहिले नाव लिहिले : संयम भिकमचंद छाजेड.

३ जुलै
चार चार्टपेपर जोडून नकाशा केला. कडुनिंब, हिवर, बोर, पळस. सगळी इथलीच झाडे. छत्तीस रोपे लावूनही झाली. दहावी नापास माणसाने हे केले, असे कळल्यावर रांग लागेल. फॉर्मच्या तीस झेरॉक्स काढून ठेवल्या.

५ जुलै
बाबूजींना फॉर्म दिला. म्हणाले, आपल्या दुकानात पंखा आहे, गादी आहे, फुकट चहा आहे, तरी गिऱ्हाईक येत नाही. तुझ्या काट्यात कोण तडफडायला येणार? व्यापारी दृष्टिकोन. चुलतभाऊ रोनक मीटिंगमध्ये.

८ जुलै
लताबाई नावाच्या बाई शेळ्या घेऊन आत. एक रोप खाल्ले. मी रागवणार तोच त्यांनी विचारले, एकलाच शे का रे भाऊ आठे? म्हटले, कमिटी येते आहे. त्यांनी भाकरी-ठेचा दिला. ठेच्यात लसूण, आम्हा जैनांना वर्ज्य. बाबूजींना सांगायचे नाही. पाऊण तास बोललो. वेळेचा अपव्यय.

१२ जुलै
लताबाई रोज येतात. आज म्हणाल्या, सह्याच पाहिजेत ना, आमनी गल्लीन्या बठ्ठ्या बाया लई येसू. म्हणजे बारा जणींना आणणार, शेळ्यांसकट. नम्रपणे नकार दिला. सभासदाला पर्यावरणाची जाण हवी.

१६ जुलै
तारेचे कुंपण पूर्ण. कुलूप. बोर्डावर चौदा नियम. लताबाईंनी बाहेरून विचारले, मनाई बकऱ्यासले शे का माले बी? नियम वाचून पाहिले. दोघांनाही आहे, असे सांगितले. हसल्या आणि गेल्या.

२० जुलै
पस्तीस रोपे सुरक्षित. कमालीची शांतता. भाकरी घरून नेली. एकट्याने सात मिनिटांत होते. बचत.

२८ जुलै
बावीस घरी फॉर्म दिले. सगळे ‘छान’ म्हणाले. रोनकने अंगठा पाठवला. छान आणि अंगठा धरल्यास, माझ्यासह चोवीस.

३० जुलै
सही एकाचीही नाही. लताबाईंची गल्ली शोधली. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती पिंपळनेरले गई भाऊकडे. आठे बकऱ्या चाराले जागाच नही राहिनी. बाकीच्या बायांबद्दल विचारले. त्या तिच्या शब्दावर येणार होत्या, माझ्या नाही.

३१ जुलै, सायंकाळी ५.४०
उद्यान विभागाचे साहेब अकराला आले. बाकीचे कुठे, विचारले. ट्रॅफिकमध्ये, म्हटले. पाऊण तास थांबले. भला माणूस. जाताना म्हणाले, कुंपण मात्र एक नंबर, पार्किंगला आयते कामाला येईल. महिनाभरात प्रथमच कुणी दाद दिली. चावी त्यांच्याकडे सोपवली. ते गेल्यावर तारेबाहेरून रोपे मोजली. पस्तीसच्या पस्तीस.