गालफुग्याचं म्हातारपण

भाऊ,

परवा माझ्या नातीने गालफुग्याची गोष्ट मागितली. पहिलीत आहे ती. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'गालफुग्या' म्हणताना शब्दापेक्षा हवाच जास्त बाहेर येते. तुम्ही सांगायचात तशीच मी तिला ती गोष्ट सांगितली, आणि आज ती अंगणात पळाल्यावर हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. भिंतीवरच्या फोटोत तुम्ही माझ्या धाकट्या भावासारखे दिसता. फोटोतल्या एवढ्याशा माणसाला अहो-जाहो करताना कधीकधी हसू येतं, पण वडिलांना अरे-तुरे करायला जीभ वळत नाही, म्हणून तुम्हीच.

लग्नसराईत तुम्ही जळगावच्या घरी दिसायचाच नाहीत. आज पहूर, उद्या यावल, परवा पार धुळ्याकडे, तुमच्या गावच्या बाजूला. बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, पायात मात्र झिजलेली चप्पल, आणि हातात ते क्लॅरिनेट, ज्याची एक कळ ढिली पडली म्हणून तुम्ही तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला होता. पावसाळा लागून लग्नं थांबली की आई कोट ट्रंकेत ठेवायची आणि तुम्ही भुसावळला केळीच्या वॅगनी भरायला जायचात. तिथेच तुम्हाला सर भेटले. मूळचे गोव्याचे, रेल्वेत गार्ड होते, आणि तरुणपणी रेल्वेच्या साहेबलोकांच्या नाचाच्या हॉलमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. साहेबलोक गेले, नाच बंद पडला, हॉलला कुलूप लागलं, आणि जॅझच्या तबकड्या तेवढ्या सरांच्या घरी राहिल्या. दर रविवारी तुम्ही वॅगनीवरून थेट त्यांच्याकडे जायचात, केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं त्यांच्या मोरीत घासून मग तबकडीला हात लावायचात.

घरी आलात की चुलीपुढे गोष्टी सुरू. त्या अमेरिकेतल्या वाजवणाऱ्यांची नावं काही तुमच्या जिभेवर बसेनात, म्हणून तुम्ही त्यांचं बारसंच केलंत. कर्णा फुंकताना ज्याचे गाल पुरीसारखे टम्म होतात तो गालफुग्या. पियानोवर बसल्या बसल्या डुलकी काढणारा झोपाळ्या. आणि गाणारी ती अक्का. मला ते सगळे आपल्या भावकीतलेच वाटायचे, फक्त जरा लांब राहायला गेलेले. त्यांच्या आज्या-पणज्या गुलाम होत्या, बाजारात विकल्या गेलेल्या, हे तुम्ही सांगायचात तेव्हा चुलीतल्या जाळाकडे बघत सांगायचात. "त्या बी आपलाच लोकं शेतस," एवढं म्हणून थांबायचात. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमना त्या गालफुग्याले सांगा, जरा मनी चूल फुकी दे म्हना." मग तुम्हीच वाकून फुंकणी घ्यायचात आणि मुद्दाम गाल फुगवून दाखवायचात.

एकदा तुम्ही मला यावलकडच्या एका लग्नाला नेलंत. दिवसभर तुम्ही वाजवलंत, नवरदेवापुढे घामाने न्हालात, आणि जेवायची वेळ आली तेव्हा बँडवाले मांडवामागे, भांडी घासायच्या जागेशेजारी बसले. सगळ्यांचं उरकल्यावर आपल्याला पानं आली. मी रुसले, जेवायला नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही मला अक्काची गोष्ट सांगितलीत. ज्या हॉटेलात तिचं गाणं ऐकायला लोक कोट घालून यायचे, तिथे तिला स्वतःला मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत जावं लागायचं. "मंग ती काय करे?" मी विचारलं. "गाये," तुम्ही म्हणालात, "असं गाये का पुढला दारवाला रडेत." आणि त्या दिवशी संध्याकाळी मुलीच्या पाठवणीला तुम्ही सरांकडे शिकलेला तो परका, संथ सूर काढलात. ढिल्या कळेमुळे त्यातला एक स्वर दरवेळी किंचित उतरून यायचा. पुढच्या दारवाले खरंच रडले. खानदेशातल्या कितीतरी मुली त्या अमेरिकेतल्या दुःखावर सासरी गेल्या आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

पण भाऊ, तुमच्या गोष्टींचा शेवट नेहमी सुखाचा असायचा. गालफुग्या म्हातारा झाला, त्याने घर बांधलं, दारात कडुनिंब लावला, आणि त्याखाली खाटेवर बसून तो नातवंडांना कर्णा शिकवू लागला. झोपाळ्याला म्हातारपणी पोटभर झोप मिळाली. अक्काने परसात पेरू लावला आणि हिवाळ्यात ती शेजारणींबरोबर वांग्याचं भरीत करायची. अमेरिकेत भरताची वांगी कुठून आली, हे मी कधी विचारलं नाही. मी फक्त एकदा विचारलं, "भाऊ, ह्यांच्यातलं कोणी मरत कसं नाही?" तुम्ही मला कधी रागावत नसायचात, त्या दिवशी रागावलात. "मरतस ना, बठ्ठाच लोकं मरतस. पन म्हातारा व्हईसन मरतस. समजनं का?" असं म्हणून तुम्ही उठलात आणि बाहेर ओट्यावर जाऊन बराच वेळ खोकत बसलात. तेव्हा लाल कोट तुम्हाला सैल होऊ लागला होता. फुंकायचं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. चाळिशीही तुम्ही धड ओलांडली नव्हती. पुण्यानुमोदनाला भुसावळहून सर आले, काळी टोपी हातात घेऊन. वंदना झाली, लोक पांगले, ते मात्र ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना पाणी दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सर, गालफुग्या अजून आहे का हो?" त्यांना समजेना. मग मी गाल, कर्णा, कडुनिंब, खाट सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग त्यांनी टोपी डोळ्यांवर धरली. "बेटी, तो तर जवान होता तेव्हाच गेला. दारूने नेला त्याला. परक्याच्या खोलीत, एकटा. तो पियानोवाला पागलखान्यात. आणि ती गाणारी इस्पितळात गेली, जवळ कोण नव्हतं." मी म्हटलं, "पण भाऊ म्हणायचे की..." सर म्हणाले, "तुझ्या बापाला सगळं ठाऊक होतं. मीच सांगितलं ना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याशी भांडला, म्हणाला तुम्ही खोटं सांगता. मग एक दिवस विचारतो, सर, पोरीला सांगताना शेवट बदलला तर चालेल का? मी बोललो, अरे, आपल्या जॅझमध्ये दुसरं काय करतो आपण? धून एकच असते, शेवटी ज्याला जसं वाजवायचं तसं तो वाजवतो. चलेगा."

सरांना ते चाललं, मला चाललं नाही. मी तुमच्यावर फार चिडले, भाऊ. कितीतरी वर्षं चिडलेली होते. वाजवणारे म्हातारे होतात, असं तुम्ही मला पढवलं होतंत. आई तुमचा खोकला ऐकून रात्र रात्र जागायची, मी मात्र निर्धास्त होते. गालफुग्याचं झालं तसं तुमचंही होणार, आपणही कधीतरी घर बांधणार, दारात कडुनिंब असणार, असं मी धरूनच चालले होते. त्यामुळे तुमच्याजवळ बसून घ्यायचं, पोटभर बघून घ्यायचं, ते राहूनच गेलं. शेवटचे काही दिवस तुम्ही सिव्हिल हॉस्पिटलात होतात आणि मी भूगोलाचा पेपर लिहीत होते, एवढा माझा तुमच्या गोष्टींवर विश्वास.

तो राग माझ्या लग्नात उतरला. तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाने बँड आणला होता. पाठवणीची वेळ झाली आणि त्याने तुमचा सूर काढला. त्याचं क्लॅरिनेट नवं कोरं, कळा घट्ट, कुठे ट्यूब नाही की दोरी नाही. तरी तो स्वर आला आणि किंचित उतरला, अगदी तुमच्यासारखा. मी गाडीत बसायच्या आधी त्याला विचारलं, तुझी कळ तर ठीक आहे ना रे? तो गोंधळला. म्हणाला, "अक्का, तो सूर असाच शे ना. मास्तर असाच वाजाडेत." मला एवढं रडू आलं की सासरच्या बायका घाबरल्या. त्यांना वाटलं, मुलीला हे लग्नच पसंत नाही.

पुढे मी माझ्या मुलांनाही त्या गोष्टी सांगितल्या. खरे शेवट एव्हाना मला सगळे माहीत होते. हल्ली तर सरांनी सांगितलेली खरी नावं टाकून फोनवर बोट फिरवलं की कोण कुठे, कशाने गेलं ते समोर येतं, तुमच्या गालफुग्याचा फोटोसुद्धा मी पाहिला, किती कोवळा आहे चेहरा. पण सांगताना मी दरवेळी कडुनिंबच लावला. का, ते मला परवा कळलं, नातीने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं तेव्हा. "आजी, हे लाल कोटवाले पण वाजवायचे ना? मग त्यांचं पुढे काय झालं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, भाऊ. शप्पथ. पण निघालं ते वेगळंच. म्हटलं, ते खूप म्हातारे झाले. दात पडले, तुझ्यासारखेच, त्यामुळे क्लॅरिनेट वाजवता येईना, मग त्यांनी घर बांधलं आणि दारात केळी लावल्या. आता सगळा दिवस खाटेवर बसून असतात आणि येईल त्याला गोष्टी सांगतात. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण त्यांच्याकडे राहायला जायचं का?

मी हो म्हणाले.