रत्नाबाई चढेल एवढी उंची

मी विठोजी उमाजी सुलाखे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने शिंपी, आता निवृत्त, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवला, आणि पाहणाऱ्यांच्या सह्या खाली आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी लिहायला बसलोच नसतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्यामागे पत्नी रत्नाबाई हिच्या मालकीच्या होतील आणि तिच्यानंतर मुलगा रणजीत याच्या. यावर जास्त शाई घालवत नाही.

२. शिलाईचे मशीन व मोठी कात्री सून रक्षिता हिला द्यावी, कारण घरात शिवणाची गोडी तिलाच आहे. त्या कात्रीने कागद कापू नये. रणजीतने तर कात्रीला हातही लावू नये. लहानपणी त्याने त्याच कात्रीने पत्रा कापला होता, ते मी विसरलेलो नाही.

३. आता गाडीविषयी. माझे जुने गिऱ्हाईक असलेले एक जर्मन साहेब देश सोडताना आपली कॅम्पर गाडी मला देऊन गेले. आत बिछाना, शेगडी, छोटे कपाट आणि मी शिवलेले पडदे आहेत. तिच्यातून आम्ही दोघे शिरसी, हंपी, तळकाड हिंडलो. पुढे रत्नाच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि गाडीचे दार तिला उंच पडू लागले. स्टूल ठेवून पाहिले, ते डगमगले. एकदा रणजीत आणि रत्नाचे बंधू जयसिंगराव यांनी तिला दोन्हीकडून उचलून आत ठेवले. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी काय गोणी हाय? आता तुम्हीच जावा फिरायला."

ती वर चढू शकत नसेल तर गाडी खाली येईल, असे मी ठरवले. त्यावर रस्त्यातल्या गतिरोधकांचा, म्हणजे इथल्या हंपांचा, धाक दाखवत जयसिंगराव म्हणाले, "बेंगळूरच्या हंपांवर खाली केलेली गाडी? भावजी, डोकं फिरलंय तुमचं." हे बोलणे मी जपून ठेवले आहे. त्यांना मुद्दाम साक्षीदार केले आहे, म्हणजे हे सगळे मुकाट्याने वाचावे लागेल.

४. गाडी खाली कशी आली, हे मृत्युपत्रात लिहायचे कारण नाही, पण मला लिहिल्यावाचून राहवत नाही. येलहंक्याच्या गॅरेजात मेकॅनिक गुंडोने मला गाडीखाली बोलावले. मागच्या चाकांसाठी तिथे स्प्रिंग दिसेना. आडवी, सरळ पोलादी कांब तेवढी होती. ओला पंचा पिळला की तो हातात उलटा फिरू पाहतो, तशी ती कांब पिळली जाते आणि त्या पिळावर गाडी उभी राहते, शेगडी, बिछाना, आम्ही दोघे, सगळ्यांसकट. मी उताणा पडून पाहत राहिलो. इतकी वर्षे आपण एका पिळावर निश्चिंत झोपत होतो, या विचाराने मी हात लांबवून ती कांब चाचपली.

कांबीच्या टोकांना बारीक दाते असतात. कांब ओढून काढायची, थोडी फिरवून परत बसवायची, की उंची बदलते. काही कापावे लागत नाही. आम्ही शिंपी आत दुमड ठेवतो, तशी ही उंची पुन्हा वाढवता येते. पहिल्या खेपेला गुंडोने कांब उलट्या बाजूला फिरवली आणि गाडी जॅकवरून उतरली ती आणखी उंच होऊन. "अण्णा, स्वल्प उलटं झालं," तो म्हणाला. "सरी, ठीक आहे, परत काढूया." त्या दिवशी शेजाऱ्यांच्या मोटारीतून आलेली रत्ना गॅरेजात खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

दुसऱ्या खेपेला पुढचे-मागचे सगळे जमले. जॅक उतरू लागला आणि गाडी हळूहळू खाली येऊन बसली. रत्ना उठली. "कोणी जवळ येऊ नका," म्हणाली. तिने दाराची दांडी धरली, पाऊल आत ठेवले आणि चढली. गाडी किंचित दबली व पुन्हा सावरली. मी हात जोडले. रत्नाला, कांबीला की ती घडवणाऱ्याला, ते मला आजही सांगता येणार नाही.

५. ही गाडी मी रत्नाबाईला देत आहे. रणजीत जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जातो. तिथे गाडी मूळ उंचीची लागते. "अप्पा, एका दिवसाचं काम आहे, परत वर करतो," असे तो दर सणाला म्हणतो. त्याचे गाडीवर प्रेम आहे, म्हणूनच मला धास्ती वाटते. बस आणि रिक्षा रत्नाला जमत नाहीत. गाडी वर गेली की तिचे जग उंबऱ्यापाशी संपेल. सबब तिच्या हयातीत कांबीला कोणी हात लावू नये. तिच्यानंतर गाडी रणजीतची. मग त्याने ती खुशाल उंच करावी.

६. गाडी नात भव्या हिने चालवावी. हंप तिरका कसा घ्यायचा ते तिला कळते. मोठ्या हंपाशी गाडीचे पोट घासू नये म्हणून बाकीच्यांनी खाली उतरून चालत पलीकडे जावे. जयसिंगरावांनीही. रत्नाने उतरू नये. ती महाराणीसारखी बसून पलीकडे जाते, ते दृश्य मी डोळे भरून पाहिले आहे.

७. माझ्या अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडाव्यात आणि याच गाडीतून न्याव्यात. आधी रत्ना चढेल, मग माझा कलश आत येईल. तिने दांडी धरली की सर्वांनी मागे सरावे. हात देऊ नये, "हळू", "सांभाळून" असे काही म्हणू नये. गुरुजींना मुहूर्ताची घाई असेल तर त्यांनी पुढे व्हावे. त्या दिवशी तिला वेळ लागेल. लागू दे. ती आत बसेपर्यंत मी बाहेर थांबलो आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले, मनासारखे उतरले आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

सही: विठोजी उमाजी सुलाखे

साक्षीदार:
१. शरच्चंद्र हंचाटे, शेजारी
२. जयसिंगराव नवले, रत्नाबाईचे बंधू (सगळे वाचले. हंपाशी उतरेन.)

स्थळ: बनशंकरी, बेंगळुरू
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५