शलाकाने बंद केलेल्या गोळ्या

इंदूर, ८ जानेवारी २०२५

सौ. अमिताताईस,
शलाकाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की पलीकडच्या खोलीत सासूबाईंना सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. तुकोगंजच्या क्लिनिकमध्ये आयव्हीएफ पुढच्या महिन्यात ठरलंय. आशिष इतका खुश आहे की स्कूटरवर जोरात गातो, सिग्नलला लोक वळून बघतात.

एक गोष्ट फक्त तुला. लिव्हरच्या गोळ्या तीन आठवडे झाले, बंद केल्यात. पाकिटावर लिहिलंय, गर्भवतींनी घेऊ नयेत. क्लिनिकच्या मॅडमना लिव्हरचं सांगितलंच नाही. सांगितलं तर सीधं नाही म्हणतील. सदतीसची झाले गं. कुणाला बोलू नकोस.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
शलाका

जबलपूर, १४ जानेवारी

चि. शलाकास अ. उ. आ.

आज संक्रांत, पण गोड बोलणं जमणार नाही. सहा वर्षांपूर्वी तुझे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, ते तू विसरलीस. मी नाही. त्या गोळ्यांनीच दुखणं आवरून धरलंय, हे डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. भंवरकुआंतल्या कोचिंग क्लासात मुलांना केमिस्ट्री शिकवतेस आणि स्वतःचं औषध पाकीट वाचून बंद करतेस! पुढच्या शनिवारपर्यंत डॉक्टरांकडे गेली नाहीस तर आशिषरावांना मी सांगणार. मग जन्मभर रुसलीस तरी चालेल.

रागातही तुझीच,
अमिता

इंदूर, २४ जानेवारी

ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी आशिषला सगळं सांगितलं. त्याने स्कूटरची किल्ली उचलली आणि मला लिव्हरच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत लिव्हरचे आकडे नॉर्मलच्या पाचपट निघाले. डॉक्टरांनी माझ्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. वाटलं, संपलं. पण मॅडम म्हणाल्या, लिव्हरच्या पेशंटलाही मूल होऊ शकतं, पण लपवलंस तर तुला सांभाळू कशी? आता गर्भारपणात चालणारी दुसरी गोळी सुरू केलीय. आकडे सहा महिने खाली राहिले आणि दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या नाहीत, तरच पुढे; लिव्हरमुळे त्या फुगतात आणि गर्भारपणात फुटू शकतात म्हणे. सहा महिने, ताई!

आशिषने सासूबाईंनाही सांगितलं, तशा दोन दिवस त्या चिडून होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी कमी मिठाची भाजी वेगळी काढून ठेवली.

अजून तुझ्यावर थोडी रुसलेली,
शलाका

इंदूर, २२ ऑगस्ट

ताईस सा. न. वि. वि.

आकडे सहा महिने खाली राहिले, शिराही ठीक निघाल्या आणि काल गर्भ ठेवला. एकच. दोन ठेवायला लिव्हरचे डॉक्टर नको म्हणाले. ४ सप्टेंबरला रक्ततपासणी आहे.

नाही राहिला, तरी गोळ्या सोडणार नाही, हे तुला लिहून देते. आशिष म्हणतो, सगळं बढिया होईल. मला ते ऐकवत नाही. मला असं कुणीतरी हवंय, जे काहीच न म्हणता शेजारी बसेल.

येतेस?

तुझी,
शलाका