भुताचे ओठ

३ डिसेंबर १८६७, मंगळवार

आणखी एक भूत. आणि पुन्हा मोठ्या घरातच.

वाचनालयातून आणलेला गेल्या वर्षीचा नाताळ अंक आज संपवला. सात गोष्टी, सात भुतं. सातही जणांना स्वतंत्र निजायची खोली असलेला माणूस लागतो. एकाने जमीनदाराला कुळांची छपरं शाकारायला लावली. एकीने हरवलेलं मृत्युपत्र दाखवलं. एक मोलकरीण — तळ्यात जीव दिलेली — नुसती काठावर उभी राहून रडली. तिला नादी लावणारा पाघळला, सुधारला, आणि त्याचं लग्न झालं. दुसरीशी. सगळे आनंदात. ती मात्र तळ्यातच.

शिसारी आली. गरिबाने आधी मरायचं, आणि मग श्रीमंताला शहाणं करायला थंडीत चालत जायचं.

आमच्या आळीत भूत का येत नाही? शेजारी एका खोलीत सात जणं झोपतात. आलं तर त्याला म्हणावं लागेल, जरा सरकून घ्या.

५ डिसेंबर

टॅबी ओटच्या भाकऱ्या देऊन गेली. दर गुरुवारी येते, मार्चपासून एकदाही चुकली नाही. दारातूनच देते. "बस की गं," म्हटलं. "नको, माग वाट बघतायत." चार माग सांभाळते, तीन पोरं सांभाळते, नवरा नाही. एवढ्या थंडीत डोक्यावर शाल नाही! इथल्या गिरणीतली बाई चपलेशिवाय जाईल, पण शालीशिवाय नाही. विचारलं तर म्हणाली, "हरवली." घे की दुसरी, म्हटलं. तर वळून चालू लागली.

८ डिसेंबर, रविवार

सरकारी कारखाना निरीक्षकाचं पत्र आलं. तीनदा वाचलं. नाताळानंतर, दोन जानेवारीला, गुरुवारी ते गिरणीत येणार. लिहितात — "आपल्या नवऱ्याने घरी काय सांगितलं, हा पुरावा होत नाही. अपघात झाला तेव्हा यंत्राच्या फिरत्या पट्ट्याभोवती जाळी नव्हती, असं सांगणारा मागखात्यातला एक तरी साक्षीदार हवा. मिळाल्यास चौकशी पुन्हा उघडता येईल."

एक तरी! वीसजणी होत्या तिथे. मार्चमध्ये माझा एझ्रा पट्ट्यात ओढला गेला तेव्हा सकाळच्या न्याहारीची सुट्टी नुकतीच झाली होती. वीसजणी. मृत्यूच्या चौकशीत पंचांपुढे मुकादम क्लेग म्हणाला, जाळी होती, एझ्रानेच आळसाने काढली. सर्वांत जवळ टॅबी होती. ती म्हणाली, "माझी पाठ होती." बाकीच्यांना कुणी विचारलंही नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कागदावर उतरलं — स्वतःच्या हलगर्जीपणाने मृत्यू. एकतीस वर्षं पट्टे सांभाळले त्याने. अपघाताच्या आदल्याच रविवारी जेवताना म्हणाला होता, "क्लेगने जाळी काढून ठेवलीय. साफसफाईला वेळ लागतो म्हणे. कुणाचा तरी जीव जाईल." मी म्हटलं, "बटाटा घे अजून."

११ डिसेंबर

पाद्रीणबाई आल्या होत्या. सोबत गिरणीमालकांची बहीण, मिस रॉथवेल. घसा बसलेला, गळ्याला फलाटीनचं फडकं. शनिवारच्या शिवणसभेत दर खेपेला त्याच वाचतात — बायका शिवत बसतात, बाईसाहेब आम्हाला सुधारणारं काहीतरी वाचून दाखवतात. नाताळाआधीची सभा मोठी असते, चहा-केक असतो.

"हेस्टर, तुम्हीच वाचा," पाद्रीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं वाचणारं या आळीत कोण आहे?"

"गोष्ट माझीच आहे," मिस रॉथवेल घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "यंदाच्या नाताळ अंकात आलीय. तुम्हाला फार जवळची वाटेल."

अंक ठेवून गेल्या.

१२ डिसेंबर

वाचली.

गिरणीत मेलेल्या कामगाराचं भूत. डाव्या करंगळीचं एक पेर नाही. बोलण्याआधी दातांतून शीळ घालतो. घाबरला की कानाची पाळी ओढतो. एप्रिलमध्ये मिस रॉथवेल फळांची जेली घेऊन आल्या होत्या, माझा हात धरून रडल्या होत्या. "सांगा ना, कसे होते ते?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. महिनाभर कुणी विचारलंच नव्हतं.

भूत मालकाच्या अभ्यासिकेत येतं. शेकोटीजवळ, मान खाली घालून उभं राहतं. म्हणतं, "चूक माझीच होती, मालक. मी आळस केला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मालक रडतो. सकाळी सगळ्या कामगारांना नाताळच्या जेवणासाठी एकेक हंस वाटतो. भूत खिडकीबाहेर हसतं आणि विरून जातं.

अंक मोरीत नेऊन ठेवला. घरात नको वाटला.

१३ डिसेंबर

आणि मान खाली! मागखात्यातला माणूस मान खाली घालून कधीच बोलत नाही. शेकडो मागांच्या खडखडाटात आवाज कुणाला ऐकू येणार? तिथे सगळं बोलणं ओठांचं. तोंड उघडून, मान वर करून, अक्षर अक्षर ओठांवर ठेवून. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला रात्रीची भाजी सांगते आणि मुकादमाला शिव्या घालते. तो त्यांच्या मधून चालत असतो. एझ्रा घरीसुद्धा हनुवटी उचलूनच बोलायचा. मी बारा वर्षं मागावर होते. छातीने साथ सोडली म्हणून सुटले. अजून चर्चमध्ये लांबच्या बाकांवरच्या चुगल्या वाचते.

बाईसाहेबांनी त्याची करंगळी नेली, शीळ नेली, कानाची पाळी नेली. हनुवटी काही त्यांना दिसली नाही.

१५ डिसेंबर, रविवार

नाही म्हणून सांगायला पाद्रीणबाईंकडे गेले होते. दाराशी जाऊन परत आले.

शनिवारी त्या वीसजणी समोर बसणार आहेत. सगळ्या. एकत्र. हातात शिवण, तोंडं बंद. अशा मला पुन्हा कधी मिळणार?

अंक मोरीतून परत आणला. कडा भिजल्यात.

१९ डिसेंबर

टॅबी आली, भाकऱ्या दिल्या. "शनिवारी तू वाचणार म्हणे," म्हणाली.

"हो. एझ्राची गोष्ट आहे."

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. उचललं आणि गेली. नेहमीसारखी, डोकं उघडं. बाहेर गारा पडत होत्या.

२१ डिसेंबर, शनिवार

शाल खुंटीला लावली आणि लिहायला बसले.

शाळेचा हॉल भरलेला. पाद्रीणबाई आणि मिस रॉथवेल माझ्या उजवीकडे खुर्च्यांवर. समोर बायका, सुयांची टोकं चमकत होती. मी वाचलं. चांगलं वाचलं — शेकोटी, बर्फ, मालकाचा एकटेपणा, सगळं. करंगळीचं पेर आलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "अगं बाई." मग शीळ. मग कानाची पाळी. सुया हळू झाल्या.

मग भुताने बोलायचं होतं.

मी आवाज थांबवला. हनुवटी उचलली. ओठांनी सांगितलं, मागावर सांगायचे तसं, अक्षर अक्षर — जाळी नव्हती. क्लेगने काढली. तुम्ही होतात. तुम्ही पाहिलंत. निरीक्षक दोन तारखेला येतोय.

दोनदा सांगितलं.

एकही सुई हलत नव्हती. उजवीकडून पाद्रीणबाईंचा आवाज आला, "बिचारी! कंठ दाटला तिचा. पाणी द्या कुणीतरी." मिस रॉथवेल रुमालाने डोळे टिपत होत्या. आपल्या गोष्टीने बाई किती हलली, म्हणून.

पाणी प्यायले. मग पुढचं मोठ्याने वाचलं. हंस वाटले, भूत हसलं, विरलं. टाळ्या फक्त दोन खुर्च्यांवरून.

टॅबी चहाला थांबली नाही.

२२ डिसेंबर, रविवार

कुणी आलं नाही. चर्चमध्ये बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी.

२३ डिसेंबर

बाजारात क्लेग भेटला. त्याच्यापर्यंत पोचलंय. कोबीच्या ढिगाऱ्यापलीकडून म्हणाला, "काय हेस्टरबाई, तुझं भूत मुकं होतं म्हणे."

"ज्यांना ऐकायचं त्यांना ऐकू गेलं."

"निरीक्षकापुढे भुतं उभी करता येत नाहीत. जिवंत माणूस लागतो. बघ, मिळतो का." आणि कोबी निवडत बसला. पानं बाजूला करून करून बघत होता, जणू साऱ्या गावात त्याला तेवढंच काम.

घरी येऊन चूल पेटवली. क्लेगचा राग येत नाही एवढी स्वतःची किळस येतेय. बाईसाहेबांनी एझ्राच्या तोंडात आपलं घातलं, मी माझं घातलं. त्याला कुणी विचारलं? आणि मी कुणावर सोडलं त्याला? मालकावर नाही. क्लेगवरही नाही. चार मागांवर तीन पोरं जगवणाऱ्या बायांवर. मोठ्या घरातली भुतं निदान मोठ्यांना तरी छळतात.

२४ डिसेंबर

दुपारी टॅबी आली. भाकऱ्या नव्हत्या. आज दारात थांबली नाही, आत आली, पाठीने दार लावलं. घरात चूल सोडून कशाचाच आवाज नव्हता, तरी तिने हनुवटी उचलली आणि ओठांनीच सांगितलं.

पट्ट्यात शाल माझी अडकली होती. सुट्टी झाली म्हणून डोक्यावर घेत होते. जाळी नव्हती. एझ्राने मला मागे ओढलं. गळ्याभोवतीची शाल सुटेना तर हाताने सोडवायला गेला.

मग — क्लेग म्हणाला, बोललीस तर माणूस तू मारलास म्हणून सांगेन.

मग — दोन तारखेला मी सांगते.

मी खुंटीवरची माझी शाल काढून तिच्या डोक्यावर घातली, हनुवटीखाली पिन लावली. तेव्हा ती रडली. मोठ्याने.