माप नावाचं फोल्डर

३ एप्रिल, शुक्रवार
कल्पना सकाळीच चिमूरले गेली, गटाच्या बायांले भेटाले. जाता जाता म्हनली, "बाबा, लॅपटॉप भरला. लग्नाचे व्हिडीओ काढून टाका, जमते तुमाले." जमते. पाच मिनिटाचं काम.
पोट्टी नागपूरची नोकरी सोडून घरी बसून प्रोग्राम लिवते, वनउपज गटासाठी. अन् मशीन पाहा तं कबाडखाना. व्हिडीओ काढले. मंग दिसलं, 'माप' नावाचं फोल्डर दोनदा. एक प्रोग्रामच्या आत, एक बाहेर उघड्यावर. दोन्ही उघडून पाह्यले. यादी तीच. जिंदगी कारखान्याच्या स्टोअरात काढली, एक माल दोन ठिकानी ठेवू देल्ला नाई कोनाले. बाहेरचं काढलं. कचरापेटी बी रिकामी केली. चहा घेतला.

४ एप्रिल, शनि.
प्रोग्राम चालून नाई राह्यला. पडद्यावर लाल अक्षरं.
"माप सापडत नाई म्हनते, बाबा. इथीच तं होतं."
म्हनलं, आत असन ना.
"आत खरं नाई हो. आत फक्त चिठ्ठी आहे, का माल बाहेरच्या फोल्डरात आहे, तिथून घे. बाहेर बदललं का आत लगेच दिसते, म्हनून तसं जोडलं होतं."
कप खाली ठेवला. स्टोअरात मी हेच करत होतो. ड्रॉवरमंधी चिठ्ठी, 'रॅक चार पाहा'. फरक एवढाच, आमची चिठ्ठी उघडली तं माल दिसत नव्हता. इथी दिसते.
"तुमी व्हिडीओच काढले ना?"
"हाव."
पुन्हा विचारलं नाई तिनं. म्हनली, माझ्याच हातून उडालं असन.

५ एप्रिल, रवि.
आज समजलं काय गेलं ते. बाया पायलीनं बोलते, घेनारा किलोनं. ओला मोह, वाळला मोह, हिरडा, चारोळी, पायलीत वजन वेगळं. गावागावाची पायली बी वेगळी. कल्पनानं दोन महिने फिरून तोलून तोलून भरलं होतं. कागदावर काही नाई. बाकी प्रोग्राम नेटवर पाठवला होता, हे कच्चं म्हनून मशीनमंधीच ठेवलं होतं.
पुढच्या रविवारी चिमूरले गटाची बैठक. बाया प्रोग्राम पाहनार, मंग ठरवनार घ्यायचा का नाई. घेतला तं इथीच राहीन म्हनते. नाई तं पुन्हा नागपूर.
सांगाचं होतं. जेवून झोपलो.

७, मंगळ.
तिच्या गाडीवर मागं बसून फिरलो. तराजू माह्या हातात. मीच म्हनलो येतो. काऊन, ते नाई सांगतलं.
सोनाबाईच्या अंगनात मोह वाळत होता. म्हातारी पायली भरता भरता म्हनते, "मागं तोलला तं होता ना वो बाई. पोट्टे लगेच विसरते तुमी."
कल्पना हसली. "हाव आजी, विसरभोळी आहो मी."
"अन् बाप तुहा स्टोअरवाला. सुई हरपू देत नाई म्हने." बाकीच्या बाया हसल्या.
मी काट्याकडं पाहत राह्यलो. काटा कवाचाच थांबला होता.

९, गुरु.
जवळचे गावं झाले. जिवतीकडचं राह्यलं. तिकडं मुक्काम करून आनलं होतं, आता रविवारच्या आत होत नाई. गाडी जात नाई तिथं पायी फिरून पायाले फोड आले पोट्टीच्या. मी कडुलिंबाचा पाला वाटून देल्ला. म्हनते, "बाबा, तुमी काऊन एवढं करून राह्यले?" उठून गेलो.
संध्याकाळी गटाच्या अध्यक्षबाईचा फोन. आवाज खोलीभर. "जिवतीच्या बाया आपल्या पैशानं बस करून येऊन राह्यल्या. त्याईचंच माप नाई? उद्या आमचा हिसाब बी असाच हरपवशीन का?"
"नाई हरपनार, ताई. चूक माही."
'चूक माही' किती वेळा म्हनली, मोजत होतो. मंग मोजनं सोडलं.

११, शनि.
रडारड मले पटत नाई. माफी म्हनजे दोन शब्द, त्याले आठ दिवस कायले लागते? दोनदा समोर जाऊन उभा राह्यलो. पहिल्यांदा विचारलं, पानी पाह्यजे का. दुसऱ्यांदा बी तेच विचारलं.
तिनं आता ते फोल्डर रोज नेटवर चढवाचं ठरवलं. मले दाखवलं बी कसं चढवते. "तुमी पन शिकून घ्या, तुमाले शिस्त आहे."
शिस्त.

१२ एप्रिल, रवि. सकाळ
स्टोअरात नियम होता. ज्यानं माल काढला त्यानं त्याच जागी चिठ्ठी ठेवाची. वस्तू, तारीख, सही. साहेबाले बी सूट नव्हती, मीच देत नव्हतो.
लिहिली. 'माप. ३ एप्रिल. मी काढलं. बैठकीत येतो, बायाइले मीच सांगतो.' खाली सही. लॅपटॉप उघडून कीबोर्डावर ठेवली, झाकन लावलं.
ती आंघोळीले गेली. नऊची बस आहे. बॅगेत मशीन भराच्या आधी एकदा उघडून पाहते, रोजची सवय.
बादलीचा आवाज थांबला. हात एकदा झाकनाकडं गेला माहा. मागं घेतला. बंडी घालून दारात उभा आहो.